कानावरची विडी

नामा, तू गेल्यावर पहिले काही दिवस सगळं गाव तुझ्याबद्दल फार चांगलं बोलत होतं, आणि मला तेव्हाच संशय आला. ज्यांनी तुला जिवंतपणी कधी ओट्यावर बस म्हटलं नाही, तेही उपरण्याचं टोक डोळ्यांना लावून म्हणत होते, असा माणूस पुन्हा होणे नाही. गुरांच्या छावणीचे कारभारीही मातीला आले, कडक इस्त्रीची टोपी घालून. तुझ्यापुढे हात जोडून ते बराच वेळ उभे राहिले. घरी आल्यावर मी आमच्या हिला म्हटलं, हा माणूस एवढा का वाकतोय? ती म्हणाली, आजचा दिवस तरी गप बसा. मी गप बसलो. पण माझं गप बसणं कसलं असतं, ते तुला माहीत आहे.

तेरावं होईपर्यंत लोकांचा चांगुलपणा टिकला. मग वारं फिरलं. आधी पाण्याच्या टँकरपाशी कुजबूज, मग पारावर उघड बोलणं, की छावणीला आग लागली ती नामाच्या विडीने. कुणी पाहिलं? कुणीच नाही. पण तुझ्या कानावरची विडी मात्र सगळ्यांनी पाहिली होती, आणि तेवढ्यावर तुझा निकाल लागला.

हे मी तुझ्यासाठी लिहितोय, गावासाठी नाही. गावाला वाचायला दिलं तर गाव ओळीओळीत काहीतरी हुडकत बसेल. मी त्याच गावाचा आहे, मला ठाऊक आहे.

आग तू पाहिलीस, मी पाहिली नाही. मी त्या दिवशी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. दुपार कलली होती आणि रोजच्यासारखं धुळीचं वारं सुटलं होतं. माळाच्या अंगाला काळा धूर दिसला तेव्हा बायका म्हणाल्या, डांबर तापवत असतील. मी म्हणालो, डांबराची पिंपं सगळी इथं आहेत, मग तिथं काय तापवतील? हातोडा टाकला आणि पळत सुटलो. पोचलो तोवर कडब्याची गंजी, पाचटाची छपरं, दावणीच्या दावणी, सगळं खाली बसलं होतं. सुटलेली जनावरं माळभर उधळली होती. त्यांत माझा बैल, तांब्या, दिसला. त्याच्या गळ्यातलं दावं तुटलेलं नव्हतं. खुंट्याची गाठ कुणीतरी हाताने सोडली होती. तुझा हरण्या मात्र खुंट्यापाशीच होता, आणि तू त्याच्याजवळ.

आणखीही माणसं गेली त्या आगीत. एक म्हातारा तर आपल्या म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसलेला सापडला म्हणतात. म्हणतात, असंच लिहितो, कारण त्या दिवसाबद्दल कुणाचं कुणाशी जुळत नाही. कुणी म्हणतं आग छपराच्या या टोकाला लागली, कुणी म्हणतं त्या टोकाला. कुणी म्हणतं तू दोन्ही बैल एकदम सोडलेस, पण जनावर घाबरलं की आपल्या जागेकडेच धावतं, तसा हरण्या मागे फिरला आणि त्याच्यामागे तू. कुणी म्हणतं तू तांब्याला बाहेर काढून मग हरण्यासाठी आत गेलास. मी प्रत्येकाला दोनदोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर प्रत्येकाने थोडं वेगळं सांगितलं.

तू असतास तर हसला असतास. म्हणाला असतास, सदा, माणसं रडत्यात आन् तू त्यांची उलटतपासणी घेतोस.

तू माझ्यापेक्षा एका पोळ्याने मोठा. आपली रानं शेजारी, मधे एकच बांध. पुरती बैलजोडी ठेवण्याची ऐपत तुझीही नव्हती आणि माझीही, म्हणून तुझा एक बैल आणि माझा एक अशी आपण सावड केली. एके दिवशी तुझ्या रानात औत, दुसऱ्या दिवशी माझ्या. हरण्या उजवीकडे, तांब्या डावीकडे. लोकांच्या सावडी सुगी आटोपली की मोडतात. आपली टिकली, ती तुझ्यामुळे. मी रोज भांडण काढायचो आणि तू ते हातातच घ्यायचा नाहीस.

हरण्या तू बाजारातून दात न बघता आणला होतास. विकणारा माणूस देवमाणूस दिसत होता म्हणालास. मी तुला बांधावर उभं करून पुष्कळ सुनावलं. बैलाचे दात बघायचे असतात, विकणाऱ्याचे नाहीत. मग मी स्वतः हरण्याचा जबडा उघडला, खूर उचलून पाहिले, शेपटी पिळली, चालवला, पळवला. बैल एक नंबर निघाला. याचा मला किती राग आला होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. फसला असतास तर मला बरं वाटलं असतं असं नव्हे. पण आपण एवढं डोळ्यांत तेल घालून जगायचं आणि याने डोळे मिटून चालायचं, आणि तरी खड्ड्यात कधी मीच पडायचो.

दुष्काळाने दोघांच्या वैरणी संपवल्या तेव्हा मी म्हणालो होतो, बैल विकू आणि नागापूरला जाऊ. तिथल्या माळावर कारखाने उभे राहताहेत, माणसं घेताहेत. तू म्हणालास, "बैल इकला तर सावड मोडंल." मी म्हणालो, पोट भरायचं की सावड सांभाळायची? आठवड्याने दोन्ही बैलांची दावी हातात घेऊन माझ्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास की छावणी निघाली आहे, तू काम धर, मी बैलांपाशी राहतो. तो वाद तसाच राहिला. कधीकधी वाटतं, नागापूरला गेलो असतो तर तू आज एखाद्या कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहून अनोळखी माणसांना पानतंबाखू वाटत असतास.

छावणीत बैल पाठवताना मी तांब्याच्या शिंगाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा डांबराचा ठिपका दिला. शेकडो जनावरांत बदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. तू बघत होतास. म्हणालास, तू तांब्याला वळखलं न्हाईस तर तांब्या तुला वळखंल की. बाजारच्या दिवशी मी छावणीत यायचो तो आधी ठिपका बघायचो, मग तांब्याचं पोट, मग हरण्याचं पोट. दोघांच्या बरगड्या सारख्याच दिसायच्या. तरी मनात यायचं की मी येणार म्हणून आज तांब्याला दोन पेंढ्या जास्त टाकल्या असतील. तू मला बघून हसायचास. एकदा म्हणालास, "सदा, तू मेल्यावर यमाला बी इचारशील, रेडा कुनाचा हाय म्हनून." त्या वाक्यावर अख्खी दावण हसली होती.

आता विडीचं सांगतो. तू विडी ओढायचास हे जगजाहीर, आणि विकतची कमी, मागितलेली जास्त. छावणीत गेल्यावर मात्र तुझ्या तोंडात विडी दिसेना. कानावर मात्र कायम. मला वाटलं, मी आलो की तू ओढत नाहीस, म्हणजे मला अर्धी द्यावी लागू नये. मी तर विडीला शिवतही नाही, पण संशयाला एवढं कुठं कळतं? मग नीट बघितलं. घामाने पान काळं पडलेलं, दोऱ्याचा लाल रंग उडून पांढरा झालेला. पुढच्या बाजारी आलो तरी तीच विडी. त्याच्या पुढच्या बाजारीही तीच. मी तुला गंजीमागे गाठलं आणि विचारलं, हे काय आहे? तू टाळाटाळ केलीस. मी सोडलं नाही. शेवटी तू इकडेतिकडे बघून सांगितलंस.

"भैरोबाला बोललोय. दोगं बैल आपल्या पायानं वेशीतनं आत आल्याबिगर बिडी पेटवायची न्हाई. आन् हे बोलून दाखवायचं नस्तं. तू लई छळलंस म्हनून सांगितलं."

मग कानावर ठेवतोस कशाला, असं मी विचारलं. तू म्हणालास की कान मोकळा राहिला तर हात आपोआप दुसऱ्याकडे मागायला जातो, ती तिथं असली की आठवण राहते. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तू घरात, पारूवहिनीलाही सांगितलं नव्हतंस. मी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. निदान त्या बाबतीत माझ्यावर संशय घेऊ नकोस.

गंजीचंही तेव्हाच झालं. कडब्याची ती गंजी बाहेरून मोठी डोंगराएवढी दिसायची. बोलता बोलता मी पेंढ्यांमधे हात घातला तर हात कोपरापर्यंत आत गेला आणि पुढे काहीच लागलं नाही. खांद्यापर्यंत घातला, तरी मोकळंच. मी तुला म्हणालो, नामा, ही गंजी आतून खाल्लेली आहे. बाहेर पेंढ्या रचल्यात आणि आतला माल कुठेतरी गेलाय. तू वाकून आत बघितलंस आणि म्हणालास, "हवा खेळती ऱ्हावी म्हनून ठिवली आसंल जागा." मी कपाळावर हात मारला. कडब्याच्या गंजीत हवा! तू पुढे मलाच समजावलंस की एवढी माणसं रोज पेंढ्या नेतात, कारभारी सगळ्यांसमोर उभे असतात, चोरी करतील कशी? आपण दोघं तिथं उन्हात उभं राहून भांडलो. तू शेवटी एवढंच म्हणालास की एकदा तरी कुनावर पुरता भरवसा टाकून बघ, मरत न्हाई मानूस.

नामा, त्या वाक्यावर आता काय बोलू?

शेवटच्या भेटीत मी तुझ्याशी गोड बोललो नाही. छावणीच्या पाण्याची पिंपं ओढायला तू जोडी जुंपत होतास, आणि तांब्याचा खांदा सोलवटला होता. जखमेवर माश्या घोंघावत होत्या. हरण्याचा खांदा मात्र साफ. मी तुला विचारलं, जुवाची खीळ सरकवलीस का? खीळ जरा इकडेतिकडे झाली की एका बैलावर ओझं जास्त येतं, हे आपल्या दोघांना ठाऊक. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता तरी चिडशील. तू तांब्याच्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालास, "बगतो काय करायचं ते. तू जा, कामाला उशीर व्हईल." मी गेलो. वळून पाहिलं नाही, कारण मी रागात होतो.

त्याच आठवड्यात आग लागली.

गाव काय बोलतं, ते ऐकून तुला काही वाटलं नसतं. पण पारूवहिनीला त्याच गावात राहायचं आहे. टँकर आला की ती हंडा घेऊन रांगेत उभी राहते आणि तिच्या पुढच्यामागच्या बायका आपापले हंडे जरा सरकवून घेतात. ज्यांच्या गायी गेल्या, ज्यांचा म्हातारा गेला, त्यांना मी दोष तरी कसा देऊ? त्यांना कुणावर तरी राग काढायचा आहे, आणि तू उलटून बोलणार नाहीस. तू तर कधीच बोलायचा नाहीस. एक दिवस वहिनी आमच्या अंगणात आली. बसली नाही. म्हणाली, "भावजी, खरं सांगा. त्यांच्या बिडीनं लागली का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "कशावरनं?"

जन्मभर मी लोकांना हेच विचारत आलो, कशावरून. आणि आता मला कुणी विचारलं तर माझ्या तोंडाला कुलूप. तुझा नवस माझ्या दातांमागे. तू म्हणाला होतास, बोलून दाखवायचं नसतं. हरण्या गेला म्हणजे नवस तसाही बुडाला, मग आता बोललो तर काय बिघडलं, असंही मनात आलं. पण तू सांगितलेली एकच गोष्ट मी पोटात ठेवली होती, तीही तू गेल्यावर ओकायची? मी वहिनीला म्हणालो, माझ्यावर भरवसा ठेव. ती माझ्याकडे बघत राहिली. ज्याने कधी कुणावर ठेवला नाही त्याने भरवसा मागावा, हे तिला चमत्कारिक वाटलं असणार.

चौकशीला मामलेदार साहेब आले. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं, सगळे बाप्ये समोर बसले. कारभाऱ्यांनी अगदी हळू, दुःखाने सांगितलं की नामदेव मोठा जिवाचा माणूस होता, मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण विडीची सवय होती आणि कडब्याजवळ असायचा. साहेबांनी विचारलं, विडी कुणी पाहिली? चारी बाजूंनी माना हलल्या. खोटं कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांनी पाहिलेली होती, कानावर. मला कारभाऱ्यांच्या त्या हळू आवाजाचा इतका संशय आला की कुणी न विचारताच मी उठलो.

मी नवसाचं बोललो नाही. म्हणालो, "साहेब, आमच्याकडं काड्याची पेटी एकाच्या खिशात आसती आन् तिच्यावर धा जनांच्या बिड्या पेटत्यात. ह्या समद्यांला इचारा, छावनी सुरू झाल्यापासनं नामाला काडी कुनी दिली?"

प्रत्येक जण आठवू लागला. विस्तव मागणारा माणूस विसरत नाही, कारण तो जवळ येऊन वाकतो, हाताचा आडोसा करतो, दोन शब्द बोलतो. तू तर बोलल्याशिवाय राहिलाच नसतास. एकाने डोकं खाजवलं आणि म्हणाला, मी न्हाई दिली बुवा. मग दुसरा. मग ज्याची म्हैस आणि बाप दोन्ही गेले तो उठला आणि म्हणाला की माझ्या शेजारीच त्याची दावण होती, माझ्या खिशात पेटी असायची, त्याने एकदाही मागितली नाही. एवढं बोलून तो खाली बसला आणि तोंडावर उपरणं घेतलं. आग लागल्यापासून तुझ्यासाठी कुणी खरोखर रडलं ते मी तिथं पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यावर मला संशय आला नाही.

मग मी गंजीचं काढलं. म्हणालो, आतून पोकळ होती, आणि एवढ्या गंजीची राख फार थोडी निघाली. कारभारी म्हणाले, वाऱ्याने उडाली. जळाल्यावर गंजी पोकळ का भरीव, ते आता कसं सांगायचं? ते हसले नाहीत, पण हसू आवरल्यासारखं मला दिसलं. साहेबांनी पाण्याचा पेला मागवला. शेवटी निकाल आला तो असा, की आगीचं नेमकं कारण कळून आलं नाही. तुझं नाव त्यात नाही. कुणाचंच नाही. माझा संशय जिथं होता तिथंच आहे. कारभाऱ्यांनी मात्र त्यानंतर मला रामराम घालायला सुरुवात केली आहे, तीही मला आवडत नाही.

पण टँकरपाशी हंडे सरकायचे थांबले. परवा ज्याची म्हैस गेली त्याच्या बायकोने वहिनीचा हंडा उचलून तिच्या डोक्यावर दिला. मला ते आमच्या हिने सांगितलं. मी दोनदा विचारून खात्री केली.

इथे हे संपायला हवं होतं. मला तसंच वाटलं होतं.

काल छावणीचे उरलेसुरले खांब काढत होते. तांब्या आगीनंतर तिथल्याच एका उघड्या दावणीवर होता, त्याला घरी आणायला मी गेलो. कुंपणाबाहेर हौसाबाईची चहाची चूल होती. तुला तिच्या चहाचं कोण कौतुक. कारभाऱ्यांनी आत विस्तव आणायला बंदी केली होती म्हणून ती बिचारी बाहेरच्या उन्हात बसायची. ती भांडीकुंडी आवरत होती. मला बघून पदराला हात पुसत उभी राहिली. मी म्हटलं, चाललीस का? आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती म्हणाली,

"तुमी शाळेत समद्या बाप्यांला इचारलं, काडी कुनी दिली म्हनून. मला कुनी इचारलंच न्हाई."

शाळेच्या पडवीत एकही बाई नव्हती, नामा. आमच्यातल्या कुणाच्या मनातही आलं नाही की चूल बाईची असते. मी एवढा शहाणा, ठिपके देणारा, पण माझ्याही नाही.

ती म्हणाली, "माझ्या चुलीतला इंगळ न्हेला हुता त्यांनी, खापरात घालून. आग लागली त्याच दिशी, सकाळच्या पारी. तांब्याच्या खांद्याला माश्या लई बसत्यात, लिंबाचा पाला टाकून धूर करतो, म्हनजे सदाचा जीव भांड्यात पडंल, म्हनले."

ती थांबली. ती तशीच उभी राहिली, हातात तवा धरून. माझ्या लक्षात आलं की ती मी विचारण्याची वाट बघते आहे.

विचारायचं होतं ते एवढंच, की खापर परत आलं का? तू ते विझवून, घासून तिच्या चुलीशी आणून ठेवलंस का, नेहमी तिचे पेले विसळून ठेवायचास तसं? की ते पाचटाच्या छपराखाली तसंच राहिलं आणि दुपारी वारं सुटलं? तिला ठाऊक होतं. तिच्या तोंडावर दिसत होतं की तिला ठाऊक आहे. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते आठवणीचं की आणखी कशाचं, ते मला ओळखता आलं नाही. एक प्रश्न, दोन शब्दांचं उत्तर, आणि माझा जन्मभराचा स्वभाव जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला.

मी म्हणालो, "बरं केलं त्यानं. तांब्याचा खांदा भरला बघ." आणि तिला तांब्याचा खांदा दाखवला. खरंच भरलाय, नामा. वर नवीन केस आलेत, बारीक, तांबूस.

हौसाबाईने मान हलवली. तवा पोत्यात घातला. तिलाही मोकळं वाटलं असावं, किंवा नसेल. मी तिच्याकडे परत पाहिलं नाही, आणि या वेळी रागाने नाही.

तांब्याला घेऊन माळ उतरलो. तो सवयीने वाटेच्या डाव्या अंगाने चालत होता, उजवीकडची जागा मोकळी ठेवून. मी दाव्याला धरून त्या मोकळ्या जागेतून चाललो, म्हणजे त्याला फार एकटं वाटू नये. गंजी पोकळ होती, हे मी अजूनही म्हणतो. कारभाऱ्यांना मी मरेपर्यंत सोडणार नाही, हेही सांगून ठेवतो. तू माझा बैल आधी सोडलास की दोन्ही एकदम, याचाही छडा मी लावीन असं वाटत होतं. आता तो लावायचा नाही. तू माझा बैल वाचवलास आणि स्वतः गेलास, हे त्या दिवसाचं एवढंच मला निश्चित माहीत आहे. तू असताना तुला जे कधी बोललो नाही, ते आज बोलतो. तुझ्यासारखा माणूस मला सावडीला मिळाला, माझी लायकी नसताना.

वेशीतून आत आलो तेव्हा तांब्या आपल्या पायांनी आला. अर्धा नवस म्हणावा तर अर्धा. भैरोबाच्या ओट्यावर मी एक नवी विडी ठेवली, न पेटवता.

पारूवहिनी आपल्या दारात उभी होती. तांब्याच्या तोंडावरून हात फिरवून तिने विचारलं, छावणीत आणखी काही कळलं का? मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, काही नाही. तिने कशावरून म्हणून विचारलं नाही. आत गेली आणि तांब्यासाठी घमेल्यात पाणी घेऊन आली, टँकरचं, स्वतःच्या हंड्यातलं.

खापराचं मी हौसाबाईला विचारलं नाही, नामा. तुलाही विचारत नाही.